धोटा ज्याच्या हातात

नरसय्या गेल्याची बातमी मला आवाजाशिवाय कळली. सकाळची वेळ होती. शुक्रवार पेठेतल्या चहाच्या टपरीपुढं मी बाकड्यावर बसलेलो. रस्त्यात दोन ट्रक तोंडाला तोंड लावून अडकलेले, हॉर्नवर हॉर्न, टांगेवाल्याच्या शिव्या. पलीकडच्या बाजूला नरसय्याचा थोरला, व्यंकटेश, उभा राहिला. तोही पावरलूमवर जाणारा. त्यानं हाक मारली नाही. माझी नजर त्याच्यावर पडेपर्यंत थांबला आणि नुसते ओठ हलवले... 'अप्पा गेले. पहाटं.' मी ओठांनीच विचारलं, 'कधी नेणार?' तो म्हणाला, 'दहाला.' टपरीत पंधराएक माणसं चहा पीत होती, एकालाही काही कळलं नाही. ट्रक सुटले तेव्हा आमचं बोलणं संपलेलं होतं आणि माझ्या बशीतला चहा तसाच राहिला होता.

ज्यांनी मिलचं मागखातं पाहिलं नाही त्यांना हे जादूचं वाटेल. जादू कसली? शेकड्यांनी माग एका छपराखाली धडधडतात, तिथं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग माणूस ओठ वाचायला शिकतो. दोन वर्षांत शिकतो, पाच वर्षांत पक्का होतो. आम्ही चार मागांच्या पलीकडून एकमेकाला शिवी दिली आहे, सोयरीक जमवली आहे, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पाठीमागं जॉबरची टिंगल केली आहे. या बदल्यात कान द्यावे लागतात, ते आम्ही दिले. मी आज निम्मा बहिरा आहे. चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी केली नाही. हे छापणाऱ्या संपादकसाहेबांनी माझं शुद्धलेखन खुशाल सुधारावं, पण शब्द माझे आहेत ते माझेच ठेवावेत, एवढं आधीच सांगून ठेवतो. कारण शेवटी मला एक गोष्ट जाहीर करायची आहे आणि ती कुणी गुळगुळीत केलेली मला चालणार नाही.

मी मंगळवेढ्याकडचा. ज्वारीचं रान सोडून मिसरूड फुटायच्या वयात मिलमध्ये आलो तेव्हा शेजारच्या मागावर नरसय्या होता. पिढीजात विणकर. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि गाणी सगळी मराठीत! स्वतः रचायचा. कागदावर नाही, त्यालाही लिहिणं बेताचंच. मागाच्या ठेक्यावर रचायचा. खटाक-खटाक, खटाक-खटाक, त्यात शब्द बसला तर राहिला, नाही तर गेला. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो, "तुझं मराठी म्हंजे भाकरीत भात कालवलाय." तो हसला. म्हणाला, "दोनी एकाच पोटात जातंय की ओ, अन्ना." मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून अन्ना. त्या दिवसापासून मी दगडूअन्ना झालो तो झालोच.

आमची बाग तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. मिलच्या मागच्या अंगाला, पेठेला लागून. चार कडुलिंबाची झाडं, एक कोरडं कारंजं आणि एका लिंबाभोवती गोल दगडी कट्टा. पहिली पाळी सुटली की आम्ही घरी न जाता आधी तिथं. कपड्याला कापूस तसाच, केसात कापूस, पांढऱ्या म्हाताऱ्यांचा मेळा भरल्यासारखा. तिथली रीत नरसय्यानं घातली होती. आम्हा बहिऱ्यांत एक खोड असते, सगळे एकदम बोलतात, कारण दुसरा बोलतोय हे ऐकूच येत नाही. म्हणून नरसय्यानं मागावरचा एक जुना धोटा आणला. धोटा म्हणजे ताण्यातून सुताची कांडी घेऊन इकडून तिकडं पळणारी लाकडाची होडी, दोन्ही टोकांना लोखंडी नाक. हा घासून घासून गुळगुळीत झालेला. रीत अशी की धोटा ज्याच्या हातात, तोंड त्याचं. त्यानं कट्ट्यावर उभं राहायचं. मग त्याला काय बोलायचं ते बोलू द्या. नगरसेवकाला शिव्या घाला, मालकाला घाला, आपल्या सासऱ्याला घाला, गाणं म्हणा, नाही तर नुसतं उभं राहून रडा. धोटा खाली येईपर्यंत कुणी मधे बोलायचं नाही. एकदा एका मालकाचा मुनीम चुकून बागेतनं चालला होता, त्याच्याही हातात धोटा दिला आम्ही! तो बिचारा पाच मिनिटं मालकाची बाजू सांगत होता आणि शंभर माणसं गप्प बसून ऐकत होती. खाली उतरला तेव्हा त्यालाच घाम फुटला होता. म्हणाला, "माझं घरातसुद्धा एवढं कुणी ऐकत नाही हो."

नरसय्या मात्र धोटा घेतला की गाणारच. धोट्याचं लोखंडी नाक कट्ट्याच्या कडेवर आपटून ठेका धरायचा. वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून दगडाला तिथं वाटीएवढा खळगा पडला आहे. आणि गाणं सुरू व्हायचं...

धोटा गेला, धोटा आला,
मधी मानूस अडकला,
त्याला सोडवा की कुनी!

हे पालुपद सगळ्यांनी म्हणायचं. सगळ्यांनी म्हणजे मी सोडून. मी धोटा घ्यायचो तो भाषणाला. लई जोरात बोलायचो. पण गाणं नाही. त्याला कारण होतं. गावच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तरांनी मला कान धरून ओळीबाहेर काढलं होतं आणि म्हणाले होते, "दगड्या, तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस." त्यानंतर मी शाळेत, देवळात, लग्नात, मयतीत नुसते ओठच हलवले. विचारलं तर ताठ मानेनं सांगायचो, "गाणं हे आमचं काम न्हवं." नरसय्याला खरं ठाऊक होतं. एकदा रिकाम्या पोटी ताडी घेऊन मीच सांगून बसलो होतो. तो कधी चिडवायचा नाही. पण प्रत्येक वेळी पालुपदाला माझ्या तोंडाकडं बघायचा. मला त्याचा राग यायचा. ओठ वाचणाऱ्यापुढं खोटे ओठ हलवणं अवघड असतं हो.

मग आणीबाणी आली. बागेच्या फाटकावर पाटी लागली. 'गाणे, वाजवणे, भाषण करणे यांस सक्त मनाई.' पहिल्या आठवड्यात आम्ही येऊन बसायचो आणि पाटीकडं बघत शेंगा खायचो. दुसऱ्या आठवड्यात निम्मे यायचे बंद झाले. रखवालदार इमामसाब आमच्यातलाच, पूर्वी कट्ट्याशेजारी उभा राहून मान डोलावणारा, तोही नजर चुकवायला लागला. माझ्या तोंडाला तर खाज सुटली होती. तीस वर्षं भाषण केलेला माणूस मी. आणि नरसय्या? तो धोटा रोज धोतराच्या सोग्यात आणायचा आणि तसाच परत न्यायचा.

एका संध्याकाळी तो उठला. धोटा हातात घेतला, कट्ट्यावर चढला. त्यानं ठेका धरला नाही. नुसता उभा राहिला, आणि ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज काही नाही... सूं का चूं नाही. पण आम्हाला सगळं ऐकू येत होतं!

नळाला पानी न्हाय, डोळ्याला हाय,
सायेब म्हंतो, बोलायचं न्हाय!

काय सांगू तुम्हाला! पुढचा बसला होता तो हसू दाबता दाबता शेंगांच्या टरफलात तोंड खुपसून बसला. मागच्याला दिसेना म्हणून तो पुढं सरकला. पालुपदाला चाळीस-पन्नास तोंडं एकदम उघडली आणि एकदम मिटली, आणि बागेत आवाज म्हणून नाही. मिलमध्ये पोटासाठी शिकलेली विद्या, ती आज अशी कामाला आली! इमामसाब धावत आला. कट्ट्याभोवती फिरला. एकेकाच्या तोंडाशी कान नेला. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाला, "क्या चल्रा जी ये? मुंह हल्रे, आवाज नै आरा. सबको एकीच बीमारी हुई क्या?" मी म्हणालो, "पाटीवर ओठाचं काय लिवलंय का, इमामसाब?" त्यानं फाटकापर्यंत जाऊन पाटी पुन्हा एकदा वाचली. आला आणि हळूच म्हणाला, "ओठ का नै लिखा." आणि स्टूल टाकून रस्त्याकडं तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी शंभर माणसं. तिसऱ्या दिवशी बाया. बिड्या वळणाऱ्या, मिलमध्ये सूत गुंडाळायच्या रहाटावर जाणाऱ्या. नरसय्याची बायको रुक्कम्माही आली. महिना-दीड महिना आमची ही मुकी सभा चालली. धोटा हातोहात फिरायचा. मी ओठांनी भाषणं केली, आणि खोटं कशाला सांगू, आवाजात केली त्यापेक्षा चांगली झाली. सगळं शहर दबून बोलत होतं त्या दिवसांत, आणि आम्ही बहिरे भर बागेत, भर उजेडात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत पाहिजे ते बोलत होतो! एवढी मजा मी जन्मात केली नाही.

पकडलं गेलो ते आमच्याच चुकीनं, आणि ती चूक फक्त मागवाल्यांच्याच हातून होऊ शकते. मागखात्यात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि कान गेले की बाहेरही येत नाही. ओठ हलवताना गळ्यातून आवाज निघतो आहे की नाही, हे त्याचं त्याला कळत नाही. त्या दिवशी नरसय्या तापला होता. पालुपद आलं, तोंडं उघडली, आणि त्या शंभरातल्या कुणाच्या तरी गळ्यातून खणखणीत आवाज निघाला... 'त्याला सोडवा की कुनी!' मला हे सगळं नंतर कळलं, कारण मला काही ऐकू आलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की इमामसाब स्टुलावरून उडाला आणि फाटकात दोन शिपाई उभे राहिले.

चौकीत आम्हा आठदहा जणांना नेलं, कट्ट्याच्या जवळचे म्हणून. फौजदार तरुण होता, कंटाळलेला. म्हणाला, "गाणं कोण म्हणत होतं?" मी पुढं झालो. भाषणाची सवय. म्हणालो, "सायेब, गानं कुटलं? आमी भैरी मानसं. तोंड हलवायची खोड हाय आमाला. तुमी मिलमधी येऊन बघा की." तो म्हणाला, "मग आवाज आला तो?" मी म्हणालो, "रस्त्यावरनं आला आसंल." त्याला तरी कुठं आठ म्हातारे कोंडायचे होते? त्यानं कागद काढला. 'आम्ही बागेत गात नव्हतो, नुसते बसलो होतो.' खाली सही करा आणि घरी जा. मी पहिली सही ठोकली. अक्षर वळणदार आहे माझं, सहीपुरतं. बाकीच्यांनी अंगठे, सह्या दिल्या. कागद नरसय्यापुढं आला. त्यानं तो वाचला. त्याला वाचायला वेळ लागायचा. मग म्हणाला, "मी न्हाय करनार. मी गात हुतो."

फौजदार म्हणाला, "म्हणजे तो आवाज तुझा होता?"

नरसय्यानं माझ्याकडं बघितलं. अगदी पालुपदाला बघायचा तसं. आणि म्हणाला, "गानं माजं हुतं, सायेब."

मी त्याचा हात धरला. ओठांनी शिव्या दिल्या. 'नरशा, येडा झालास का? एका कागदासाठी?' त्यानं ओठांनीच उत्तर दिलं. 'कागदावर गानं न्हवतं म्हनून लिवलंय, अन्ना. मग महिनाभर आपन काय केलं?' आम्ही बाहेर आलो, तो आत राहिला. अठरा दिवस. घाणेरड्या जागेत, छातीत कापूस भरलेला माणूस. परत आला तो खोकतच. मी भेटायला गेलो नाही. मला वाटत होतं, मी शहाणपणा केला, सगळ्यांना सोडवलं, आणि हा बाबा सगळ्यांत मोठेपणा मिरवून बसला. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. बागेकडं फिरकलो नाही. तो समोरून आला तर मी दुकानाच्या पाट्या वाचायचो.

आणीबाणी उठली, पाटी निघाली, त्या संध्याकाळी मात्र मला राहवलं नाही. बाग फुलून गेली होती! माणसं कारंज्यात उभी, पोरं लिंबावर, कुणी पेढे वाटतंय, कुणी उगाचच ओरडतंय, फक्त ओरडायला मिळतंय म्हणून. नरसय्याला दोघांनी धरून कट्ट्यावर चढवला. त्यानं धोटा खळग्यात आपटला. खट... खट... आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. छातीच्या त्या खोकल्यानं गळा पार खाल्ला होता. आणि मग, बघा, आमच्या मागवाल्यांनी त्याचे ओठ वाचले आणि ते शब्द मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. तो एक ओळ हलवायचा, पाठोपाठ दोनशे गळे ती ओळ उचलायचे. जे मिलमधले नव्हते, ते कॉलेजचे, दुकानदार, त्यांनी गाणं आमच्याकडून ऐकलं. एक माणूस गप्प राहून अख्ख्या बागेला गायला लावत होता! रुक्कम्मा टाळ्या वाजवत रडत होती. असा दिवस पुन्हा दिसायचा नाही.

त्या गर्दीत एक माणूस गात नव्हता. कोण ते सांगायला नको. नरसय्यानं मला बरोबर हुडकलं. गाणं थांबवलं, खाली वाकला आणि धोटा माझ्याकडं धरला. सगळी बाग बघत होती. मी धोटा घेतला... आणि शेजारच्याच्या हातात दिला. नरसय्यानं फक्त मान हलवली.

नंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण त्या कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही. शेवटचं भेटलो ते तो जायच्या आठवडाभर आधी. खाटेवर उशांना टेकून बसला होता. ओठांनी म्हणाला, 'अन्ना, एकदा म्हन की.' मी म्हणालो, "मला आवाज न्हाय, नरसू. तुला म्हाईत हाय." तर तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला, रुक्कम्मानं पाणी आणलं तरी हसतच होता. मला राग आला. मरायला टेकलेला माणूस माझी चेष्टा करतो म्हणजे काय? मी टोपी घालून उठलो. ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर चार दिवसांनी मी पुन्हा गेलो. रुक्कम्मा उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. मी सहज म्हणालो, "वैनी, त्या दिवशी कुणाचा आवाज निघाला ते कळलं आसतं तर बरं झालं आसतं. त्याच्यापायी माझा दोस्त गेला." तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"अन्ना, तुमाला खरंच कळलं न्हाय?"

"काय?"

"तो आवाज तुमचा हुता की ओ."

मी म्हणालो, "खोटं!" ती म्हणाली, "मी मागंच बसली हुती. माझे कान चांगले हायत, मी मागावर न्हाय गेली. चौकीत डबा घिऊन गेली तवा ते मला काय म्हनले म्हाईत हाय का? म्हनले, दगडूअन्नाचा गळा उघडला! लई चांगला हाय गं, भरलेला, माज्या भैऱ्या कानालाबी कळला. पर तू सांगू नको. कळलं तर पुन्यांदा मिटंल." मग सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि धोटा घेऊन आली. माझ्या हातात दिला. म्हणाली, "आता ठिवून काय करू मी?"

मला तिथं रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला आलं ते हसू! नरसय्याचंच हसू. साठीपार झालेला माणूस मी, जन्मभर आवाज नाही म्हणून मिरवला, आणि ज्या दिवशी गप्प राहायचं होतं त्याच दिवशी गायलो! आणि वर गाणं नव्हतंच म्हणून सही दिली. 'गानं माजं हुतं' म्हणाला तो. आवाज कुणाचा, ते बोललाच नाही. खोटंही बोलला नाही आणि माझं नावही घेतलं नाही.

म्हणून मी संपादकसाहेबांना म्हणालो की मला लिहायचं आहे. तो कागद चौकीत कुठं असेल तर असू दे, उंदरांनी खाल्ला असेल तर खाऊ दे. त्यावर पहिली सही माझी आहे आणि मजकूर खोटा आहे. आम्ही बागेत गात होतो. महिना-दीड महिना रोज गात होतो. आणि जो आवाज आला तो माझा होता. हे मी शुद्धीवर, कुणाच्या दबावाशिवाय लिहून देतो आहे, आणि खाली सही करतो आहे, तीच वळणदार.

आता रोज पहिली पाळी सुटायच्या वेळेला मी कट्ट्यावर जातो. धोट्याचं नाक त्या खळग्यात बरोबर बसतं, आपटायला जागा शोधावी लागत नाही. माणसं जमतात, काही जुनी, काही नवी. मी तोंड उघडतो. गळ्यातून आवाज निघतो आहे की नुसते ओठ हलताहेत हे मला आजही कळत नाही. मग मी फाटकाकडं बघतो. तिथं स्टुलावर इमामसाब बसलेला असतो, आता आमच्याकडं तोंड करून. तो हात वर करतो आणि दुरूनच ओठांनी सांगतो. शिकलाय आता तोही... 'आवाज आरा, आरा.'